निळा ठिपका

नेरे गावातल्या कुशाबानं भाताचं खाचर विकलं, त्यावर सोसायटी उभी राहिली, तरी रोज संध्याकाळी बांधावर चक्कर मारायची त्याची खोड काही जाईना. वॉचमन हटकायचा, पण कुशाबा त्याला दाद द्यायचा नाही.

त्याच्याकडं भाड्यानं राहणाऱ्या मनीषनं त्याला फोनवर नकाशा लावून दिला होता. त्यातला आभाळातून काढलेला फोटो जुना होता. त्यात सोसायटी नव्हतीच; हिरवं खाचर होतं, बांध होता, कडेला खळं होतं. कुशाबा पार्किंगमधून चालायचा आणि फोनवर त्याचा निळा ठिपका बांधावरून चालायचा. आजूबाजूच्या गाड्यांकडं तो बघायचासुद्धा नाही.

परवा मात्र ठिपका करड्या सिमेंटवर उभा दिसला. कुशाबा तणतणत मनीषच्या खोलीवर आला.

“माझं खाचर कुटं घालवलंस?”

“काका, नकाशावाल्यांनी नवीन फोटो टाकलाय. आता असंच दिसणार.”

कुशाबानं फोन मनीषच्या हातात दिला.

“मंग माझा त्यो ठिपका बी पुसून टाक. तितं माझं आता काय हाय?”