दांडीशिवाय उभं राहिलेलं बॉनेट

आधीच सांगतो, इथले अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ टाइमपास म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दोन-चार वाचायचे, 'झोप झाली नसेल बिचाऱ्याची' म्हणायचं आणि कामाला लागायचं. मी ड्राफ्ट्समन आहे. कुठल्या वजनाला कुठे आधार द्यायचा, हेच दिवसभर कागदावर काढत असतो. आधाराशिवाय काही उभं राहतं यावर माझा विश्वास असणं शक्यच नव्हतं...

आम्ही खारघरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि बायको मेघना. किचनच्या खिडकीतून खालचं ओपन पार्किंग सरळ दिसतं. गाडी आम्ही शोरूममधून नवी घेतली होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला त्याने पहिलं हेच विचारलं — सेकंडहँड आहे का, आधीचा मालक कोण? आधीचा मालक कोणी नाही. मीच पहिला.

रविवारची सकाळ होती, स्वच्छ ऊन. गाडी बरेच दिवस उभी असल्याने स्टार्ट होताना कुरकुरत होती. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पावडर साठते ना, ती साफ करावी म्हणून मी कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि पाना घेऊन खाली उतरलो. स्टिअरिंगखालचा खटका ओढला, पुढे येऊन फटीत बोटं घातली, आतला दुसरा खटका सरकवला. बॉनेट वर केलं आणि टेकू द्यायची लोखंडी दांडी त्याच्या भोकात अडकवली. म्हणजे, अडकवली असं मला वाटलं.

आमच्या गाडीची बॅटरी पार मागे, काचेच्या बाजूला आहे. डोकं, खांदे, दोन्ही हात, सगळंच आत घालावं लागतं. ब्रशने घासत असताना 'टण्' असा आवाज झाला. पाना घसरला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग थोड्या वेळाने कुणाचा तरी श्वास ऐकू आला. अगदी जवळून. जड वस्तू उचलून धरलेला माणूस नाकाने सोडतो तसा — लांब, दमलेला.

सहाव्या मजल्यावरचे देसाई काका रिटायर्ड आहेत. कोणाचंही बॉनेट उघडं दिसलं की ते येऊन सल्ले देतात. मी मान न वळवताच म्हटलं, काका, होतंच आलंय. उत्तर आलं नाही. श्वास मात्र चालूच होता.

बऱ्याच वेळाने मेघनाचा आवाज आला. अगदी हळू.

"नितीन, जसा आहेस तसा मागे ये. डोकं वर करू नकोस."

मला वाटलं साप. डोंगराच्या बाजूने आमच्याकडे कधीतरी येतात. तसाच वाकलेला, एकेक पाऊल मागे घेत बाहेर आलो. ती ट्रे घेऊन उभी होती, पण तिची नजर जमिनीवर नव्हती.

दांडी इंजिनवर आडवी पडलेली होती. आणि बॉनेट वरच होतं.

वारा नव्हता. कुठे काही अडकलेलं नव्हतं. तो पत्रा नुसता हवेत उभा, आणि त्याची पुढची कड बारीक थरथरत होती. आम्ही दोघं बघत राहिलो. मग ते खाली यायला लागलं. पडलं नाही हो... खाली आलं. सावकाश. साधारण वीतभर अंतर उरल्यावर थांबलं, आणि तिथून सुटलं. खट्. बस्स.

गाडी चालवणाऱ्यांना माहीत असेल, बॉनेट लावायची बरोबर पद्धत हीच. हाताने दाबायचं नाही, उंचावरून आपटायचं नाही. सगळ्यांचे हात बाहेर आहेत बघायचं आणि वीतभरावरून सोडून द्यायचं.

मेघनाच्या ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते. आणि तिने मला विचारलं, "काका कुठे गेले?"

कोण काका, मी म्हटलं. तर म्हणाली, अरे समोर बॉनेट धरून उभे होते ना, वरून बघितलं मी, म्हणून तर दोन कप आणले. देसाई काकांना तिथूनच फोन लावला. ते दोन दिवसांपासून पुण्याला लेकीकडे होते. सीसीटीव्हीचं विचाराल, तर तोही बघितला. कॅमेरा गेटवर रोखलेला. आमच्या गाडीची फक्त डिकी दिसते.

खरी परीक्षा पुढे होती. पाना आत, बॅटरीवरच राहिला होता. दोन्ही टर्मिनलना टेकला तर ठिणगी उडून आग लागायची. तसं सोडून चालणार नव्हतं. खटका ओढला, बॉनेट बोटभर वर आलं... आणि त्या फटीत बोटं घालायला माझा हात पुढे जाईना. शेवटी मेघनाने दोन्ही हातांनी बॉनेट धरलं, मी दांडी अडकवली, दोनदा हिसका देऊन बघितली आणि मगच पाना काढला.

माझ्या ऑफिसातला प्रकाश इथल्याच दिवाळे गावचा. स्वतःच्या गाडीचं सगळं काम स्वतः करणारा. पुढच्या रविवारी त्याला बोलावून घेतलं. त्याने बिजागऱ्या तपासल्या, इंजिनवर एक रिकामा प्लास्टिकचा क्रेट ठेवला, दांडी काढली आणि हात सोडला. क्रेटचा चुरा झाला. त्या रविवारी माझं डोकं तिथेच होतं...

प्रकाशने तुकडे गोळा केले. म्हणाला, "शक्यच नाय. दांडी नसली तर हा बॉनेट क्षनभर पन राहनार नाय." मग जाता जाता, हेल्मेट घालताना बोलला, "कोन होता ते शोधत बसू नको. धरला ना त्यानं? मग झाला."

तरी मी शोधलं. सोसायटीतल्या जुन्या लोकांना विचारलं, वॉचमनला विचारलं. तिथे कधी अपघात नाही, कोणी गेलेलं नाही, कसली कथा नाही. कोणी सांगितलं की बिजागरी तेवढ्यापुरती अडकली असेल. असेलही. पण अडकलेली बिजागरी वीतभर अंतर ठेवून थांबते का? आणि श्वास? मला आजही काही सांगता येत नाही.

यातली एक गोष्ट मेघनाने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितली. आम्ही भाजी निवडत बसलो होतो, आणि तिने आपणहून विषय काढला. तो माणूस गाडीकडे बघत नव्हता, म्हणाली. माझ्याकडेही नाही. मान वर करून तो थेट आमच्या खिडकीकडे बघत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून हनुवटीनेच त्याने तिला खूण केली. खाली या.

चेहरा कसा होता, मी विचारलं. नीट बघितला होता, पण आठवत नाही, म्हणाली.

मग तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"तेव्हा मला वाटलं चहा मागतायत," ती म्हणाली. "मी आधण ठेवलं, नितीन. आलं किसलं. दूध उकळेपर्यंत थांबले... आणि तेवढा सगळा वेळ ते धरून उभे होते."