मंगळवार-शुक्रवारच्या भेगा

देशमानेंनी बादली माझ्या पुढ्यात ठेवली. निळी, प्लास्टिकची, अर्धी भरलेली. आत चुना मारायचा एक जुना ब्रश.

"सिमेंटच्या पोत्यांमागं लपवली होती," ते म्हणाले. "आता बोला मॅडम."

देशमाने म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर. काम होतं बार्शीजवळ, एका शेतकरी कंपनीच्या गोदामाचं आणि ऑफिसचं. तूर-हरभरा साठवण्यासाठी शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी. त्यांना ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट हवं होतं. ते मिळवून देणाऱ्या सोलापूरच्या एका फर्ममध्ये मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ग्रीन बिल्डिंग म्हणजे हिरवा रंग दिलेली इमारत नव्हे, हे मला अजूनही महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं.

ऑफिसच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या. प्लास्टर व्हायच्या आधीच. सांध्यासांध्यांतून जिन्यासारख्या वर चढत गेलेल्या.

या भिंती विटांच्या नव्हत्या, एएसी ब्लॉकच्या होत्या. वीजकेंद्राची राख, चुना आणि सिमेंट यांचा हा हलका ठोकळा. आत ढोकळ्यासारखी जाळी असते, त्यामुळे ऊन आत यायला वेळ लागतो. वीटभट्टीत जाते तशी शेतातली चांगली माती यात जात नाही. आणि पाणी वाचतं. वीट आधी भिजवावी लागते, मग भिंतीला कितीतरी दिवस पाणी मारावं लागतं. ब्लॉकचं तसं नाही. उलट तो भिजवला तर वाळताना आकसतो आणि भिंत तडकते. दोन ब्लॉकच्या मध्ये तयार मसाल्याचा पातळ थर लावायचा, बस. 'ब्लॉक भिजवू नये' हे ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं आहे. मी ते मिस्त्रींना ठळक आवाजात सांगितलं होतं.

मिस्त्री म्हणजे अमोगसिद्ध. अक्कलकोटकडचे, पन्नाशीचे. घरात कानडी, साइटवर मराठी, आणि दोन्हींत कमी बोलणारे. बायको आणि दोन भाऊ त्यांच्याच टोळीत.

"जन्मभर विटा भिजवल्या, ब्लॉक पण भिजवला," देशमाने म्हणाले. "उद्यापासून दुसरी टोळी आणतो. तुम्ही फक्त लिहून द्या, वर्कमनशिप फॉल्ट."

वर्कमनशिप फॉल्ट म्हणजे काम करणाऱ्याची चूक. माझा रिपोर्ट शेतकरी कंपनीच्या संचालकांपुढे जाणार होता. संचालक आसपासच्या गावांतले, प्रत्येकाचं कुठे ना कुठे बांधकाम निघणारं. असा रिपोर्ट गेला की अमोगसिद्धांना या भागात कुणी गोठ्याची भिंतसुद्धा बांधायला देणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. त्यांना बोलावलं.

"मिस्त्री, ही बादली तुमची?"

"व्हय."

"ब्लॉकला पाणी लावलं?"

"लावलं."

"मी नको म्हटलं होतं."

"व्हय की."

चौकशी संपली. देशमाने माझ्याकडे बघून हसले.

मी ऑफिसला, आमच्या कोरे सरांना फोन केला. सर म्हणाले, "स्वतः कबूल केलंय ना? मग लिही आणि मोकळी हो. संध्याकाळपर्यंत पाठव."

रिपोर्टला नकाशा जोडावा लागतो. कोणती भेग कुठे, किती लांब. न्यायबुद्धी वगैरे काही नाही, फॉरमॅटच तसा आहे म्हणून मी टेप घेऊन उठले. ज्या दिवशी भिंतीचा जो भाग बांधला, त्यावर लाल खडूनं तारीख टाकायची, हा साइटवर माझाच हट्ट होता. मी भेगेपुढे तारीख मांडत गेले. सातव्या भेगेला थांबले आणि मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं.

मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार, मंगळवार. पुढच्या सगळ्या भेगाही तशाच.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी साइटला येते.

बाकी दिवसांच्या भिंती ठणठणीत होत्या. एक भिंत अर्धी गुरुवारी, अर्धी शुक्रवारी बांधलेली होती. तिच्यातली भेग खडूच्या रेघेपासून सुरू होऊन वर गेली होती. मी तारखा दोनदा तपासल्या. चुकल्या असत्या तर मला आनंदच झाला असता.

मग शुक्रवारचा एक ब्लॉक हलवून पाहिला. तो हातात आला. सांध्यातला मसाला पिठासारखा भुसभुशीत. गुरुवारचा ब्लॉक काढायला छिन्नी-हातोडा घ्यावा लागला. ब्लॉक फुटला, सांधा सुटला नाही.

अमोगसिद्धांना पुन्हा बोलावलं. या वेळी देशमानेंना चहा सांगायला पाठवून दिलं.

"मिस्त्री, पाणी कधी लावत होता?"

"तुमी नसताना."

"आणि मी असताना?"

"तुमी नको म्हणाला की. मग कसं लावायचं?"

यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"किती लावत होता?"

त्यांनी ब्रश बुडवला, झटकला आणि एका ब्लॉकवरून एकदाच फिरवला. "एवढंच. हितलं ऊन लई हाय, ब्लॉक तव्यावानी तापतोय. वर धूळ. मसाल्यातलं पानी वढून घेतोय अन् मसाला जागच्या जागी वाळतोय. भिजवायचं न्हाय, ते मला बी कळतंय. निस्तं तोंड पुसायचं."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं एकदा. तुमी पुस्तक दावलं."

ते मला आठवलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं होतं, उलटसुलट करून पाहिलं होतं आणि परत दिलं होतं. मला लाज वाटली. पुस्तक गाडीतच होतं. ते काढून शेवटपर्यंत वाचलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं, 'अति उष्ण हवामानात ब्लॉकचा पृष्ठभाग किंचित ओलसर करावा.' मी ठळक अक्षरांपाशीच थांबले होते.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'भेगांचं कारण : साइट इंजिनिअरची चुकीची सूचना.' पाच मिनिटांत सरांचा फोन आला.

"हे साइट इंजिनिअर कोण?"

"मीच, सर."

"ते मला माहिती आहे. क्लायंटला कशाला कळायला पाहिजे? 'हवामान' लिही. सोलापूरच्या उन्हावर कोणी केस करत नाही."

"हवामान लिहिलं तर देशमाने मिस्त्रींना काढणारच. बादली अजून देशमानेंच्याच ताब्यात आहे, पुरावा म्हणून."

सर म्हणाले, "पाठव. पण त्यावर माझी सही मागू नकोस."

संचालकांच्या मीटिंगमध्ये मी उभं राहून सगळं सांगितलं. एका संचालकांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, तुम्ही आलाच नसता तर भिंती चांगल्या झाल्या असत्या?"

"हो," मी म्हटलं. तेही मिनिट्समध्ये लिहिलं गेलं.

अमोगसिद्धांची टोळी राहिली. माझ्या दिवसांच्या भिंती पाडायच्या ठरल्या. सर्टिफिकेटच्या फॉर्ममध्ये 'भिंतींसाठी वापरलेलं पाणी' या रकान्यात मी आधी 'शून्य' लिहिलं होतं. ते खोडून 'रोज एक बादली' लिहिलं. सर्टिफिकेट मिळायचं ते मिळालं.

भिंती पुन्हा बांधायच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. अमोगसिद्धांना म्हटलं, "आता पाणी लावायचं. लेखी आहे." त्यांनी मान डोलावली. मसाला कालवला, ब्लॉक उचलला आणि कोरडाच मांडू लागले.

"मिस्त्री, ब्रश?"

"व्हय, लावतो की," ते म्हणाले. ब्रशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कोरडाच ब्लॉक उचलला. असं तीनदा झालं. शेवटी मी वळले आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळानं मागं बादलीत ब्रश बुडाल्याचा आवाज आला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तशीच पाठ करून उभी होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या देखरेखीखाली झालेली सगळ्यात पक्की भिंत ती.