डोंग्याला लागलेला हात

तिनं आन् मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नवा डोंगा बैलगाडीवर चढवला. थंडी अशी की बांधायचा नाडा हातात धरला तरी धरल्यासारखा वाटत न्हवता. तवा निजामाचं राज्य. गंगाखेडच्या वरच्या अंगाला आमचं गाव, नदीवर पूल न्हवता, आन् आमी माणसं पलीकडं उतरवून पोट भरणारे. डोंगा आमच्याच अंगणात लिंबाखाली तयार झाला व्हता. आता तो गाडीवर घालून नदीला न्यायचा.

चुलतभाऊ हात लावायला येणार व्हता, आला न्हाई. गोधडीतून निघवलं नसंल. मी एकटाच जोर लावायलो व्हतो. बायको चुलीपासून उठून आली.

"सरका," म्हणाली.

"अगं, नव्या डोंग्याला बाईचा हात चालत न्हाई. गंगेवर पूजा व्हायचीय अजून."

"भाकरीला चालतो. तुमची पाठ चोळायला चालतो. लाकडालाच तेवढा इटाळ व्हय?"

मी सरकलो.

डोंगा सरळ उचलायचा तर चार गडी लागतात. ती म्हणाली, उचलता कशाला, गाडीचं जू वर करा, मागची बाजू भुईला टेकू द्या. चाकांना दगड लावले. डोंग्याचं एक टोक गाडीवर टेकवलं, दुसऱ्याला तिनं खांदा दिला. तोंडातून वाफ निघायली, आन् वरून मलाच म्हणते, "जोर लावा की! सासुरवाडीला आलाव व्हय?" डोंगा सरकत वर गेला. मग दोघंबी जुवाला लोंबकळलो आन् गाडी सरळ केली. नाडा तिनंच आवळला. गाठ अशी मारली की मी म्हणलं, ही सोडणार कोण?

"मी येते की सोडायला."

बैल जुपायच्या आधीच तिला उलटी झाली. मग जुलाब. दिवस मावळायच्या आत गेली. पटकी. थंडीत पटकी येत न्हाई म्हणतात. आली.

सरणाला लाकडं जमवायलो, तवा थोरले चुलते गाडीपाशी येऊन उभे राहिले. चुलतभावानं सकाळचं कुडाआडून बघितलं व्हतं. हात लावायला यायचं झालं न्हाई, चुगली करायला झालं.

"हा फोड," चुलते म्हणाले. "ह्याचीच लाकडं तिला लाव. बाईचा हात लागला, गंगामाय कोपली."

मी म्हणलं, "तात्या, वरच्या आळीत परवा दोघं गेले. त्यांनी कोणत्या डोंग्याला हात लावला व्हता?"

"उलटं बोलू नको. ह्यात आता कोण बसंल? कुणी बसायचं न्हाई."

"मग मी एकटा बसंल. पर कुऱ्हाड लावून तर बघा."

तिला बाभळीची लाकडं लावली. डोंग्याची ढलपीबी न्हाई.

आता घरातली पोरं म्हणतात, जाऊ द्या आबा, जुनी माणसं तशीच असायची. कशी तशीच? तीबी जुनीच व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक असताना, मी बैल जुपले. नदीकाठी बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन बसल्या व्हत्या. गडी लांब, शेकोटीपाशी. चुलते त्यांच्यात. मी गाठ सोडायला बसलो. सुटंना. बोटं वाकत न्हवती. एक जण लांबूनच म्हणला, "विळा घे रं, काप." कापली न्हाई. दातानं सोडली. लय वेळ लागला. सगळे बघत व्हते, बघू दिलं.

डोंगा उतरवायला एक गडी पुढं आला न्हाई. मी बायांकडं वळलो.

"पलीकडं जायचंय न्हवं? मग हात लावा."

एकमेकींकडं बघायल्या. त्यातली एक म्हातारी टोपली खाली ठेवून उठली. तिनं पदर खोचला.

"कुठं धरू, लेकरा?"

मी दाखवलं. मग दुसरी उठली, मग सगळ्याच. शेकोटीपासून चुलते वरडायले, ते वरडत राहिले. डोंगा पाण्यात गेला. त्याची पहिली खेप मी बायांचीच नेली.