अण्णांच्या दुकानातली इंग्रजी गाणी

भार्गवीच्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी आम्ही दोघी नांदेडहून लातूरला येऊन राहिलो, त्याला आता वर्ष होत आलं. तिचे बाबा आणि आजी नांदेडलाच आहेत. इथे आम्ही वीरण्णांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. या शहरात परीक्षेसाठी आलेली मुलं गल्लीगल्लीत दिसतात, आणि त्यांच्यामागे कुकर, गाद्या आणि काळजी घेऊन आलेल्या माझ्यासारख्या आयाही. काळजी करण्यात मात्र माझा हात कुणी धरणार नाही. पाणी उकळलं का, पोरीचं पोट बिघडलं तर, टँकर आला नाही तर, आणि सध्या सर्वांत मोठी काळजी म्हणजे ही मुलगी सारखी खाली अण्णांच्या दुकानात का जाते.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक वीरण्णा. सत्तरी ओलांडलेले, कपाळावर विभूती, डोळ्यांवर जाड चष्मा. खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान आहे. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, मिक्सर आणि पंखे दुरुस्त होतात. पण पाटीवर अजून ‘रेकॉर्डिंग सेंटर’ असंच आहे. एके काळी या दुकानात कॅसेट भरून मिळायची. गिऱ्हाइकाने कोरी कॅसेट आणायची, कुठली गाणी हवीत ते सांगायचं, आणि अण्णांनी ती एकामागून एक उतरवून द्यायची. गावात अशी दुकानं आणखीही होती. अण्णांकडे गर्दी व्हायची ती इंग्रजी गाण्यांसाठी. हैदराबादला एका माणसाने दुकान मोडलं तेव्हा त्यांनी तिथून पोतंभर जुन्या कॅसेटी आणल्या होत्या. परदेशी बँडच्या. बहुतेकांची वरची कागदं गळून गेलेली. गाणं कुणाचं, कशाबद्दल, काही पत्ता नाही.

आणि तरी अण्णांना प्रत्येक गाण्यामागची गोष्ट माहीत होती.

“कॅसेट भरायला गाण्याइतकाच येळ लागतो ना ताई,” त्यांनी मला एकदा सांगितलं. “तासभर पोरगं स्टुलावर बसणार. चहा तरी किती पाजावा? मग गोष्ट सांगायची. इंजिनिअरिंगची पोरं उदगीर-निलंग्याहून यायची. गाणं न्हाई कळलं तरी गोष्ट घेऊन जायची.”

“तुम्हाला कुठून कळायच्या गोष्टी?”

“मला कुठून? मी सातवी नापास. आमची ही एम. ए. इंग्लिश होती.” हे सांगताना अण्णा ताठ बसतात. “दुपारी जेवण घेऊन यायची, मी गाणं लावायचो. ‘काय म्हणून राहिला गं हा?’ विचारलं की ती डोळे मिटून ऐकायची, आन् सांगायची.”

महादेवीकाकू जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. ठसठशीत कुंकू, आणि ओठ असे मिटलेले, की हसू दाबलंय की काय असं वाटावं.

भार्गवीला त्या गोष्टींचं वेड लागलं. बायॉलॉजीचे चार धडे झाले की एक गोष्ट, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. मीही दोनचारदा जाऊन बसले. एका गाण्यात सुरुवातीला नुसती गिटारच वाजत राहते, गाणारा तोंडच उघडत नाही. का? तर तो भावाला पलटणीत सोडायला स्टेशनवर गेला होता. गाडी लेट झाली. दोघांना बोलायला काही सुचेना, म्हणून तो नुसताच वाजवत बसला. दुसऱ्या एका गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ढोलवाला बडवत राहतो. का? तर ते चौघे सख्खे भाऊ. बांधावरून भांडण झालं, तिघे उठून गेले. धाकटा म्हणाला, या नाहीतर नका येऊ, मी वाजवणार. शेवटी तिघेही परत आले.

“लंडनला बांध असतात?” भार्गवीने विचारलं.

“जमीन आली की बांध आलाच की बाळा.”

गेल्या महिन्यात संगमेश्वर आले. अण्णांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक. आता मोठे इंजिनिअर आहेत, पण स्टुलावरच बसले. त्यांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यात अण्णांनी त्या गोष्टी सांगायच्या, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

“मी? स्टेजवर?” अण्णा म्हणाले.

“मग काय, त्या चार प्रोफेसरांना ऐकायला येणार हाव का आम्ही? गाणी मोठ्या स्पीकरवर लावू. तुम्ही गोष्ट सांगायची, मग गाणं.”

अण्णा लाजले, पण दुसऱ्याच दिवशी नवा शर्ट शिवायला टाकून आले. जुन्या कॅसेटींचा आवाज खरखरतो, म्हणून त्यांनी भार्गवीला सांगितलं, “तुझ्या त्या मोबाइलला गाणं ऐकव आन् नाव काढ, म्हंजे साफ आवाजातलं मिळंल.” तिने काढलं. नावं मिळाली, आणि त्यासोबत त्या गाण्यांवर तिकडच्या लोकांनी लिहिलेले लेखही.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “आई, एकही गोष्ट खरी नाहीये. तो स्टेशनवाला एकुलता एक होता. ते चौघे भाऊ नाहीत, कॉलेजात भेटलेले मित्र आहेत. काकूंनी सगळं मनानं रचलंय.”

मी म्हटलं, गप्प बस, अण्णांना यातलं काही बोलायचं नाही. बायकोच्या इंग्रजीच्या अभिमानावर त्या माणसाने जन्म काढलाय.

“आणि तिथे हॉलमध्ये? सगळ्यांच्या हातात फोन असणारेत. कुणीतरी उठून म्हणेल, अण्णा, हे चूक आहे. मग?”

मग तिने मला ती तिसरी गोष्ट सांगितली, जी मी ऐकली नव्हती. एक बाई फार संथ गाते, ते गाणं. काकूंनी सांगितलेलं असं, की तिकडेही आपल्या पंचमीसारखा सण असतो. झाडांना झोके बांधतात, लेकी माहेरी जातात. या बाईचं माहेर जवळच होतं, पण सासू पाठवेना आणि नवरा कामात. तिने पिशवी भरली, नवं लुगडं नेसली आणि दारात उभी राहिली. न्यायला कुणी आलं नाही. उभ्या उभ्याच ती हे गाणं म्हणाली. मग लुगडं बदलून भाकरी टाकायला बसली.

“विनोदी आहे ना?” भार्गवी म्हणाली. मला हसू आलं नाही. काकूंचं माहेर रेणापूरचं. इथून एसटीने अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी मी चुरमुऱ्यांची सुशीला केली आणि बशी घेऊन खाली गेले. अण्णा टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलत होते. भर हॉलमध्ये कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं, म्हणून मी जमेल तसं सांगून टाकलं.

ते बराच वेळ पट्टाच बसवत राहिले. “म्हणजे हिला इंग्लिश येत नव्हतं?”

“येत होतं हो. पुस्तकातलं येत होतं. त्या गाण्यांतले शब्द मलाही लागत नाहीत, मीही बी. ए. आहे.”

“मग न्हाई येत म्हणायचं की. मी काय खाणार होतो तिला?”

“तुम्ही गावभर सांगत होतात ना अण्णा, आमची ही एम. ए. आहे म्हणून. कसं म्हणणार? आमच्या सासूबाई औषधाच्या बाटलीवरचं वाचायला मला देतात, तेव्हा मीसुद्धा कधी कळलं नाही म्हणत नाही.”

ते थोडं हसले. मग हसू थांबलं. “पलटणीतला भाऊ,” ते हळू म्हणाले. “शिवलिंग. आमचा मेहुणा. त्याला सोडायला स्टेशनवर ही गेली होती.” मग म्हणाले, “अन् बांधावरून भांडले ते हिचे चुलते.” बोटांवर मोजावं तसं ते एकेक गोष्ट ओळखत गेले. पंचमीच्या गोष्टीपाशी आले आणि बोलायचे थांबले. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “ताई, बशी मागनं देतो,” म्हणाले आणि भर दुपारी शटर ओढून घेतलं.

दोन दिवस दुकान उघडलं नाही. मी जिन्यावरून चाहूल घेत होते. आत भांड्याचा आवाज आला की बरं वाटायचं. कशाला बोलले, असं मला शंभरदा वाटलं. शिंप्याकडून शर्ट आला, तो तसाच कडीला लटकत राहिला. अण्णांनी फोनवर नाही म्हणून कळवलं, तेव्हा संगमेश्वर धावत आले.

“अण्णा, बॅनर छापून झालंय! तुमचा फोटो टाकलाय, केस काळे करून!”

“मग तो फोटोच बसव स्टेजवर.”

संगमेश्वर गेल्यावर अण्णांनी भार्गवीला हाक मारली. “त्या बाईच्या गाण्याची खरी गोष्ट काय हाय? सांग.”

तिने फोनवरून वाचून दाखवलं. रेकॉर्ड कंपनीला एक गाणं कमी पडत होतं, बाईने ते जेवणाच्या सुट्टीत लिहून दिलं, पुढे ते फार खपलं.

“एवढंच?”

“एवढंच आहे अण्णा.”

“ह्यात काय हाय?” ते चिडून म्हणाले. “ह्यात काईच न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “संगमेश्वरला फोन लाव बरं.”

मेळाव्याला अण्णा आम्हा दोघींना घेऊन गेले. भार्गवीचा क्लासमधला केमिस्ट्रीचा पेपर दोन दिवसांवर होता, तरी मी तिला नेलं, यावर माझाच विश्वास बसत नव्हता. हॉल भरलेला होता. पोटं सुटलेली, केस गेलेली पोरं, आणि तरी पुढच्या रांगेवरून ढकलाढकली. अण्णांनी माइक हातात धरला.

“गाणी कुणाची, कशी झाली, ते तुमच्या मोबाइलमधे हाय,” ते म्हणाले. “ते बघा, खरं हाय ते. मी जे सांगायचो ते आमच्या महादेवीचं. ते तिनं केलेलं. मला लई उशिरा कळलं. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर जेवण तयार हाय.”

“सांगा अण्णा!” मागून कुणीतरी ओरडलं. “जेवण पळून चाललंय का!”

स्टेशनची गोष्ट झाली. भावांची झाली. लोक हसत होते, पुढचं वाक्य आधीच म्हणत होते. मग त्यांनी पंचमीची घेतली. पिशवी भरली, नवं लुगडं नेसली, दारात उभी राहिली. “न्यायला कुणी आलं न्हाई,” असं त्या पोरांनीच म्हटलं, पाठ असल्यासारखं. अण्णा थांबले. स्पीकरवाल्याला वाटलं गोष्ट संपली, त्याने गाणं लावलं. अण्णांनी हात वर करून ते बंद करायला लावलं.

“दुकानात नवरा कॅसेट भरत होता,” ते म्हणाले. “त्यानं मशीन मधेच बंद केलं. गिऱ्हाइकाला म्हणला, उद्या ये. घरी आला, तिच्या हातातली पिशवी घेतली. म्हणला, चल, मी येतो सोडायला.”

संगमेश्वरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओळखीची गोष्ट अशी नव्हती.

“आता लाव,” अण्णा म्हणाले, आणि खाली येऊन आमच्या शेजारी बसले. गाणं संपेपर्यंत त्यांनी नजर वर केली नाही. परतताना रिक्षात भार्गवी त्यांना म्हणाली, “अण्णा, शेवट बदललात तुम्ही.”

“हाव,” ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले.