अक्काचा बिल्ला

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल — चौथीपर्यंतच शिकले, राग मानू नका. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आमच्या सोलापुरातली एक जुनी कापड गिरणी आता हापिस झाली आहे. काचेची दारं, गार हवा. मी तिथं फरशी पुसते. पण त्याआधी, हापिसाचं बांधकाम चालू होतं तेव्हा, आम्ही बायका तिथला राडारोडा उचलायचो. नरसम्माअक्का माझ्या जोडीला. तिचा नवरा याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. आता तो नाही.

एका कपाटात कामगारांच्या हजेरीचे पितळी बिल्ले सापडले, नंबर कोरलेले. ते काचेत घालून दारात लावायचं ठरलं. इंजिनिअरबाईंनी मोजून माझ्याकडे दिले — चिंचेनं घासून आण म्हणाल्या. घासले. आणि — लिहू का? — त्यातले मूठभर भंगारवाल्याला विकले. कशासाठी, ते लिहीत नाही. लिहिलं की सबब होईल.

मोजणीत कमी भरले. उन्हात वाळत ठेवले होते, तिथनं कुणीतरी उचलले असतील, असं मी सांगितलं. मुकादमानं सगळ्याजणींना कनवट सोडून दाखवायला लावली. अक्काच्या कनवटीला एक बिल्ला निघाला. चारशे सतरा.

"माझ्या मालकाचा हाय वो, घरनं आणलाय!"

"व्हय की! आन् बाकीचे सासऱ्याचे काय?" मुकादम म्हणाला. सगळे हसले.

तो घरचाच होता. गिरणी अचानक बंद पडली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या खिशातच राहिलेला. मला ठाऊक होतं — सकाळीच तिनं दाखवला होता. "ह्येंना बी दाखवते म्हनलं, मिल कशी चकाचक व्हायलीय." आता ती माझ्याकडं बघत होती. मी काय केलं? घमेलं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागले.

तिचा बिल्ला काढून घेतला. हरवलेल्या बिल्ल्यांचे पैसे तिच्या पगारातून कापले. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

चारशे सतरा अजून त्या काचेत आहे, शिरताना डाव्या हाताला. ती काच रोज मीच पुसते. हात तिथं आला की भरभर चालतो — का, ते मलाच माहीत.

कापलेले पैसे मी अक्काला देत गेले, थोडे थोडे. तुझ्याकडून उसने घेतले होते, असं सांगून. म्हणजे पुन्हा खोटंच. "मला तर काय आठवंना गं," ती म्हणायची, आणि चहा टाकायची. काल शेवटचे दोनशे दिले. सगळे फिटले. अक्कानं नोटा न मोजताच कनवटीला खोचल्या — जिथं तो बिल्ला होता.