बरा झालेला जयप्रकाश

कामोठ्याच्या एका हॉलमध्ये दर रविवारी जयप्रकाश उभा राहायचा आणि आपण कसे बरे झालो ते सांगायचा. आजार कुठला, तर त्याला पुरुष आवडायचे. हा आजारच नाही, हे मी महाप्याच्या कारखान्यातल्या स्टोअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसून त्याला दहा वर्षं सांगत आलो. तो डबा खात मान हलवायचा आणि रविवारी पुन्हा माइक धरायचा. पुढचं सगळं त्यानेच मला सांगितलं. मला त्याचा अजून राग येतो. दयाही येते, पण राग आधी येतो.

'निर्मळ परिवार' असं त्या मंडळींचं नाव. आधी अर्धा तास नामस्मरण, मग एक समुपदेशक प्रोजेक्टर लावून मेंदूची चित्रं दाखवायचा. देव आणि विज्ञान, दोघांनाही कामाला जुंपलेलं. मनात नको तो विचार आला की मनगटावरचं रबरबँड ताणून सोडायचं, असा नियम. लग्नाला अकरा वर्षं होऊनही जयप्रकाशचं मनगट लाल असायचं, आणि त्याच हातात माइक धरून तो सांगायचा, की माझं सगळं गेलं. त्याची बायको भाविका पहिल्या रांगेत बसायची, पुरावा म्हणून. मूल का नाही, हे जयप्रकाशला कोणी विचारलं नाही. तिला मात्र उपास सांगायचे.

परिवारात एक पद्धत होती. नव्या माणसाला एक जुना, बरा झालेला सांगाती जोडून द्यायचा. दोघांनी रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर बोलायचं आणि मनातलं काहीही लपवायचं नाही. पुरुषाचा नाद सोडवायला आणलेल्याला तशाच दुसऱ्या पुरुषापाशी रोज मन मोकळं करायला लावायचं, ही अक्कल त्याच लोकांची.

गेल्या वर्षी घणसोली गावातल्या गोटीरामने आपल्या मुलाला, मितेशला, तिथे आणलं. शेती गेली, त्या जागी गोटीरामच्या तीन इमारती उभ्या राहिल्या. मुलगा ऐरोलीला आयटीत. घरात कुणकुण लागली तेव्हा बापाने आधी त्याला पट्ट्याने मारलं आणि मग परिवाराचा पत्ता काढला. सांगाती म्हणून मितेशच्या वाट्याला जयप्रकाश आला.

दोन महिन्यांत जयप्रकाश इस्त्रीचे शर्ट घालायला लागला. साडेआठलाच कामावर येऊन तो खोक्यांच्या मागे उभा राहून फोनवर बोलायचा आणि बोलता बोलता हसायचा. इतक्या वर्षांत त्याला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी चिडवलं तर लाजला.

इकडे गोटीरामने नंदिनी नावाची मुलगी पसंत करून हळदीची तारीखही काढली. मुलीला अर्थातच कोणी काही सांगितलं नव्हतं. मितेशला कंपनी पुण्याला बदली देत होती. जावं की राहावं, त्याचं ठरेना. शेवटी त्याने जयप्रकाशला फोन केला.

"दादा, खरा सांग. तुजा सगला गेला का? नाय म्हनलास तं मी पुन्याला जातो. हो म्हनलास तं लगीन करतो."

"गेलं," जयप्रकाश म्हणाला.

घाबरून बोललास का, असं मी विचारलं. परिवाराची भीती, नोकरीची, बायकोची, काहीही चाललं असतं मला. तो म्हणाला, घाबरलो नव्हतो.

"नाही म्हटलं असतं तर तो गेला असता. मग सकाळी मी कोणाशी बोललो असतो?"

मी डबा बंद करून उठलो. आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. डीजे, जेवणावळी, अख्खा गाव पिवळा. गोटीरामने जयप्रकाशला मुद्दाम पाटापाशी बोलावलं. मुलाला मार्गाला लावणाऱ्याचा मान. जयप्रकाशने दोन्ही तळवे भरून मितेशच्या गालांना हळद लावली. लोक टाळ्या वाजवत होते. जयप्रकाशला वाटलं, हा आता कुठे जात नाही.

लग्नानंतर मितेशचे फोन कमी झाले आणि महिन्याभरात थांबले. जयप्रकाश करायचा, तो उचलायचा नाही. एक दिवस त्याचा मेसेज आला. तो जयप्रकाशने मला दाखवला: 'दादा, तुझ्याशी बोलायची लाज वाटते. तुझं गेलं. माझंच जात नाही. घाण माझ्यातच आहे.' आता तरी खरं सांग, असं मी म्हणालो. अक्षरशः हात जोडले. आता सांगितलं तर तो माझं तोंड पाहणार नाही, असं म्हणून त्याने फोन खिशात घातला. मितेशचं तोंड त्यानंतर त्याला दिसलंही नाही.

परिवाराने नंदिनीलाही सांगाती दिली, ती भाविका. लग्नाला चार महिने झाले तेव्हा नंदिनीचा रडत फोन आला. जयप्रकाश समोरच बसला होता. नवरा जवळ येत नाही, माझंच काही चुकतं का, मी सरळ माहेरी निघून जाऊ का, असं ती विचारत होती. भाविकाने नवऱ्याकडे पाहिलं. ती पाहतच राहिली, तो नजर चुकवेपर्यंत.

"जाऊ नकोस गं," ती म्हणाली. "एखादं वर्ष लागतं. आमचंही असंच होतं, आता सगळं छान आहे."

नंदिनी राहिली. आता ती रोज दुपारी भाविकाला फोन करते, तास तास बोलते. अकरा वर्षांत भाविकाशी असं कोणी बोललं नव्हतं. हल्ली ती खूश असते, असं जयप्रकाश सांगतो.