घासायचं नाही असं पातेलं
सर्व संबंधितांना कळवण्यात येते की आमच्या घरातलं काळंठिक्कर पातेलं घासायला सक्त मनाई आहे. त्याच्या धुरकट वासानं भीमाशंकरच्या डोंगरातली पाच दिवसांची ती चाल आठवते. चाकणच्या कंपनीतले, निघोजे गावचे आमचे फोरमन निवृत्त होऊनही रोज पहाटे शिफ्टचे कपडे घालून ओट्यावर बसायचे. ती सवय मोडायलाच त्यांच्या हाताखाली काम केलेल्या आम्ही दोघांनी त्यांना डोंगरात नेलं. नियम एकच: जो कंपनीचं नाव काढेल, त्यानं पातेलं घासायचं. चार दिवस आम्हीच हरलो आणि ते पाय पसरून, “घासा राव, तळ ऱ्हायलाय,” म्हणत राहिले. शेवटच्या सकाळी माथ्यावरून दूर चाकणच्या कारखान्यांचे पत्रे चमकले. त्यांनी पातेलं मांडीवर ओढलं. मी ते हिसकावून घेतलं आणि आजवर तसंच जपलंय, कारण मूठभर राख हातात तयार ठेवूनच ते ओरडले होते, “ती बघा रे, आपली कंपनी!”